कुसाबाईनं खापर उतरवलं

जिचा जन्म चुलीपुढं गेला तिला चुलीच्या गोष्टी वाचून दाखवू नयेत. हर्षालीला हे कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं.

कुसाबाई चांदवडकडची. नवरा लवकर गेला, तेव्हा ती लग्नाकार्यात मांडे करायला जाऊ लागली. मांडा म्हणजे पुरणाची पोळीच, पण लाटणं न लावता केलेली. पुरण भरलेला सैल गोळा दोन्ही हातांवर झेलत पसरायचा, कोपरापर्यंत आला की चुलीवर उपड्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायचा. जरा चुकलं की फाटतो. अख्खा मांडा पाहुण्यांचा. फाटके, करपलेले बाजूला ठेवायचे आणि पंगती उठल्यावर करणारीनं तेच खायचे, अशी रीत. कुसाबाईनं जन्मभर तेच खाल्ले.

उजवा खांदा कामातून गेला तेव्हा ती नाशिक रोडला मुलाकडे, शेखरकडे आली. येताना आणलेल्या खापरात माती भरून तिनं गॅलरीत कोरफड लावली. "आता मांड्याला हात लावायची नाय," ती म्हणाली. शेखरला ती गंमत वाटली.

सून हर्षाली वाचनवेडी. कॉलनीतल्या बायकांची पुस्तकांची भिशी होती आणि सध्या सगळ्या जणी स्वयंपाकाच्या कादंबऱ्यांच्या मागे लागल्या होत्या. दुपारी हर्षाली सासूला वाचून दाखवी. ह्या खेपेच्या कादंबरीतली नायिका पहाटे एकटी मांडे करते, ओव्या गुणगुणते, गालाला पीठ लागलेलं असतं आणि नवरा दारात उभा राहून बघतो.

"उभाच ऱ्हातो?" कुसाबाईनं विचारलं.

"हो ना आई. किती छान लिहिलंय!"

"त्याला म्हनावं सरपन आन."

"आई, ते प्रेम आहे."

"आन् धूर कुठं गेला? डोळं नाय चुरचुरत हिचं? पंचवीस पानं झाली, बाईनं एक भांडं घासलं नाय. ह्याला सैपाक म्हनत्यात का?"

हर्षालीनं पान उलटलं. असल्या प्रश्नांची तिला सवय झाली होती. मग पुस्तक मिटून ती लाडानं म्हणाली, "रविवारी भिशी आपल्याकडे आहे. मी सगळ्यांना सांगून टाकलंय, आमच्या आई पुस्तकातल्यासारखे मांडे करणार."

"कोनाला इचारून?"

"थोडेच करायचेत. तुम्हालाही बरं वाटेल."

"मला बसून बरं वाटतं."

हर्षाली दोन दिवस गाल फुगवून होती. शेखरनंही सांगून पाहिलं, "आई, तिची लाज राख."

"मी काय तिची लाज कढईत ठिवली व्हती?" एवढं बोलून कुसाबाई कोरफडीला पाणी घालायला गेली.

रविवारी बायका आल्या. नटून, अत्तर लावून. कुसाबाई आतल्या खोलीत पडून ऐकत होती. चुलीच्या धुराबद्दल त्या पंख्याखाली बसून बोलत होत्या. तृप्ती नावाची एक जण सगळ्यांत मोठ्यानं बोले. रांधणं ही साधना आहे, म्हणाली. मग ताटं मांडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ हर्षालीचा.

"आईंनी सकाळीच करून ठेवलेत. बरं नाहीये त्यांना, म्हणून पडल्यात."

"बघा!" तृप्ती म्हणाली. "आजारी असून केले! ह्याला म्हणतात माया. अगदी पुस्तकातल्यासारखेच झालेत गं."

कुसाबाई उठून बसली. खांदा जाईपर्यंत राबून तिनं आयुष्यात एकदाच नाही म्हटलं होतं. तेही ह्या बायकांनी चघळून मायेत घातलं. पदर सावरून ती बाहेर आली.

"मी नाय केले," ती म्हणाली. "इकत आनलेत. आन् मला धाड भरली नाय."

बायका ताटाकडे बघू लागल्या. हर्षालीचं तोंड उतरलं. तृप्ती हसून म्हणाली, "आजी, तुम्ही पण ना! मोठेपणा घ्यायचाच नाही का?"

कुसाबाईनं तिच्याकडे पाहिलंही नाही. तिनं हर्षालीच्या ताटातल्या मांड्याची कड चिमटीत धरून पाहिली. पातळ होती. पुरण कडेपर्यंत गेलेलं.

"हात चांगला हाय. कोनी केले?"

"आहे एक बाई. स्टेशनकडे बसते, खापर मांडून."

"नाव?"

ते हर्षालीनं विचारलंच नव्हतं. नायिकेच्या सात पिढ्या तिला पाठ होत्या.

"मंग पुस्तक कशाला वाचता?" कुसाबाई म्हणाली आणि पंख्याखालच्या रिकाम्या खुर्चीत नीट टेकून बसली. हर्षालीनं घाईघाईनं ताट आणलं. डब्यातला वरचा मांडा मोडलेला होता, तोच तिनं सासूला वाढला. मुद्दाम नव्हे. हात आपसूक तिकडे गेला.

कुसाबाईनं तो उचलून परत डब्यात टाकला.

"अख्खा वाढ."