चपलेशेजारचा गवत्या

नामदेवला साप चावला नाही.

आधी एवढं लिहून टाकतो. तो गेल्यापासून जो फोन येतो तो हेच विचारतो.

तो घरीच गेला. खुर्चीत बसून चहा घेत होता. कप खाली ठेवला आणि मान टाकली. हार्ट अटॅक, डॉक्टर म्हणाले.

कप फुटलासुद्धा नाही.

बाकी तुम्ही सगळे कसे आहात?

वसंतराव, मोतीबिंदूची पट्टी निघाली का? डोळ्यात थेंब टाकायचा आळस करू नका.

सुधाताई, शुगर काय म्हणते? बाजारात आंबा आला आहे, जिभेला जरा आवर घाला.

बंडू, कंबर कशी आहे गा? पट्टा लावत जा. लाजून काय होते.

ही विचारपूस रोज सकाळी ग्रुपवर नामदेव करायचा. आता कोणी करत नाही, म्हणून मी केली.

मी ठीक आहे. वाढलं तेवढं जेवतो. रडू अजून आलेलं नाही. येईल तेव्हा येईल.

ग्रुपवर जे नवीन आहेत त्यांच्यासाठी. नामदेवचं घराणं उमरेडचं, हातमागावर बसणारं. त्याच्या वेळेपर्यंत माग बंद पडला. मग सीताबर्डीवर कापडाच्या दुकानात तो आणि मी, एकाच गादीवर जन्म काढला.

रिटायर झाल्यावर लोक देवळाचा रस्ता धरतात. आम्ही कुहीच्या रानाचा धरला. गवत्याचे फोटो काढायला.

गवत्या म्हणजे हिरवागार, बिनविषारी साप. मानेवर काळी खूण. बिचारा कोणाच्या अध्यात ना मध्यात, तरी दिसला की लोक काठी उचलतात.

"पावसाळ्यात तर तो कोणालेही दिसते," नामदेव म्हणायचा. "चैतात शोधून दाखव, मंग खरा."

होळी झाली की तिकडचं रान पिवळं पडतं. कालव्याच्या कडेला, पाणी झिरपतं तिथे, हिरव्या गवताचा एखादा पट्टा तेवढा उरतो. आम्ही तिथेच जायचो.

स्कूटर माझी. मोबाईल माझा. डोळे त्याचे.

साप दिसला की नामदेव पायातली एक चप्पल काढायचा. काठीच्या टोकानं हळूहळू सरकवत सापापासून हातभर अंतरावर ठेवायचा. मग एका पायानं अनवाणी मागे उभा राहायचा.

"हं, आता काढ. अन् तुही सावली हटव गा, सावली!"

मापाशिवाय फोटो त्याला चालतच नसे. "बाप म्हणे, मापाशिवाय कापड नाही. मंग साप कसा राहीन?"

तर आमच्याकडे साप चपलांनी मोजले जायचे. हा दोन चपला. तो अडीच. सव्वातीन चपलांचा एकदा निघाला, तर त्या दिवशी त्यानं कुहीच्या स्टँडवर मला जिलेबी खाऊ घातली.

फोटो मी इथे टाकायचो. तुम्ही खाली टिंगल करायचे.

बंडूनं एकदा लिहिलं होतं, "काका, साप दाखवून राहिले का चप्पल विकून राहिले?"

नामदेवनं उत्तर दिलं होतं, "चप्पल नऊ नंबरची आहे बापा. पाय आण, मंग भाव सांगतो."

असो.

परवा तेरवी आहे. त्याच्या मुलीचा, कविताचा, फोन आला.

"काका, बाबाचा एखादा चांगला फोटो असन तर पाठवा ना. फ्रेम करायची आहे. तुमच्यापाशी तर ढीगभर असतीन."

मी म्हटलं, हो बेटा, आत्ता पाठवतो.

बसलो. मोबाईल उघडला. एवढ्या वर्षांचे सगळे फोटो पाहिले.

साप आहेत. गवत आहे. पळसाची पडलेली फुलं आहेत. चप्पल प्रत्येक फोटोत आहे. कुठे अंगठा तुटलेला, कुठे शिवलेला.

एका फोटोत त्याच्या पायाची बोटं आली आहेत. मातीनं भरलेली.

चेहरा कुठेच नाही.

दोन म्हातारे इतकी वर्षं सोबत फिरले, आणि दोघंही खाली पाहत फिरले.

त्याच्या घरी आधार कार्डवरचा आहे. तो पाहून त्याला स्वतःलाच हसू यायचं. लग्नातला आहे, पण वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, त्याच्यात तर मिशीच नाही. लोकं म्हणतीन, हार कोणाले घातला?" आणि त्या हसल्या. मग उठून आत गेल्या.

धरमपेठेतला फ्रेमवाला म्हणतो, चेहरा साफ पाहिजे, बाकी मी करतो.

मी कधी काढायला गेलोच नाही असं नाही. मागच्याच महिन्यात, पळस फुलला होता, तो कालव्यावर उभा होता, एका पायात चप्पल. मोबाईल त्याच्याकडे वळवला.

"माहा फोटो काय काढतो गा! मी काय पळून जाऊन राहिलो? साप जाईन, त्याचा काढ आधी."

मी सापाचा काढला.

काल सकाळी स्कूटर काढली. कुठे जायचं ठरवलं नव्हतं, पण कालव्यावर पोचलो. तोच हिरवा पट्टा. बराच वेळ काही दिसलं नाही, डोळे त्याचे होते ना.

मग दिसला. ऊन खात पडला होता. फोटो काढला. गेला.

घरी येऊन पाहिलं, फोटो चांगला आला आहे. पण त्यात नुसता साप आहे. माझ्या पायातला बूट काढून ठेवावा, हे सुचलंच नाही. इतकी वर्षं ते काम माझं नव्हतं.

केवढा होता, सांगता येत नाही.

तर मित्रहो, कोणाच्या लग्नात, बारशात, दुकानाच्या दिवाळी पूजेत, कुठे मागच्या रांगेतसुद्धा नामदेव उभा असेल, तर शोधा. वाकडा चालेल. ग्रुप फोटो चालेल, कापून घेऊ. वर पाहत असला म्हणजे झालं.

आज-उद्यात पाठवा. नसेल तर नाही म्हणून तरी लिहा, मी वाट पाहतो आहे.

नामदेव, एखाद्या फोटोत तरी ये गा आता.