चिमटीमामांची बोटं

फेरीबोटीच्या धक्क्यावर त्यांना कोणी खऱ्या नावाने हाक मारली असती, तर त्यांनी बहुधा मागे वळूनही पाहिलं नसतं. सगळ्यांचे ते चिमटीमामा. रोज सकाळी इंजिनघरात उतरायचं, तेल मोजायच्या पट्टीवरचा थेंब अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायचा, डोळे मिटून चोळायचा आणि निकाल द्यायचा. बोटांना बारीकशी कचकच लागली, की समजायचं, आत कुठेतरी लोखंड लोखंडाला खातंय. एकदा असंच त्यांनी भर गर्दीच्या वेळी बोट अडवली होती आणि इंजिन उघडल्यावर बेअरिंग पार झिजलेलं निघालं होतं. तेव्हापासून मामांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

माणूस तसा गोड, पण कौतुकाचा भुकेला. कोणी वाखाणलं की "छे, छे" म्हणायचे आणि आणखी वाखाणणीची वाट बघत उभे राहायचे.

म्हणून कंपनीने तेलाच्या नळीवर सेन्सर बसवला, तेव्हा धक्क्यावर नुसतं हसू पिकलं. तो बसवायला एक तरुण बाई आली होती. तिने नीट समजावलं: नळीतून तेल वाहताना त्यातले धातूचे कण हा टिपतो, कण वाढले की सुकाणूपाशी पिवळा दिवा, फारच वाढले की लाल. कप्तान म्हणाला, "हातच्या काकणाला आरसा कशाला, बाई? आमचे मामा आहेत की!" त्यात पहिल्याच आठवड्यात एक वायर सैल राहिली आणि दिवा उगाच पेटला. मग काय विचारता, लांडगा आला रे आला! बाई वायर घट्ट करून गेली, पण लोकांचा विश्वास काही बसला नाही.

सगळ्यात मोठ्याने हसले ते मामा. आणि खरं सांगायचं तर त्या सेन्सरची सगळ्यात जास्त गरज त्यांनाच होती.

त्यांच्या बोटांतली जाणीवच गेली होती. साखरेच्या आजाराने म्हणा, की उभा जन्म डिझेलमध्ये हात बुडवल्याने म्हणा, आधी मुंग्या आल्या, मग बोटं लाकडाची झाली. हे ठाऊक होतं फक्त मामींना. एकदा उकळत्या चहाचा पेला मामा निवांत धरून बसले आणि त्यांच्या बोटांवर टरारून फोड आले. तेव्हापासून मामी पेल्याला आधी स्वतःचं बोट लावून बघत, मगच तो पुढे करत. बोलल्या मात्र काही नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मामांनी ती झाकूनच ठेवली. रोज चिमटी चोळायचे आणि म्हणायचे, "उत्तम!" इतके दिवस इंजिनानेही त्यांची अब्रू राखली.

मग एका सकाळी, बोट माणसांनी गच्च भरलेली असताना, पिवळा दिवा लागला. सेन्सरवाली तपासणीसाठी बोटीवरच होती. "वायर मी आत्ताच पाहिलीय," ती म्हणाली. "फिल्टर उघडून बघू या." लोक कुरकुरले. कोणाला शाळा गाठायची, कोणाला दवाखाना, कोणाची कामाची पाळी. कप्तानाने खाली हाक मारली, "मामा, तुमचं काय म्हणणं?"

मामांनी थेंब घेतला. चोळला. तेल आहे, पाणी आहे की वाळू, काही म्हणता काही कळेना. पण सवयीने तोंड बोलून गेलं, "उत्तम आहे. सोडा बोट."

वर टाळ्या पडल्या. सेन्सरवालीचा चेहरा एवढासा झाला. मामा घाम पुसत वर आले, तर समोरच्याच बाकावर मामी. पलीकडच्या काठावर बहिणीकडे निघाल्या होत्या. त्यांनी मामांकडे पाहिलं. रागाने नाही, विनवणीनेही नाही. मग मांडीवरची पिशवी सावरून नीट बसल्या. तिकडे खलाशी दोराला हात घालत होता.

आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी मामांना स्वतःची लाज वाटली.

"दोर सोडू नकोस!" ते ओरडले. "कप्तान, मी खोटं बोललो. माझी बोटं मेलीत. वर्ष होत आलं. सुई टोचली तरी कळत नाही मला. त्या दिव्याचं ऐका."

कोणी हसलं नाही. माणसं एकेक करून उतरली. फिल्टर उघडला, तर त्याच्या घड्यांमध्ये बेअरिंगचे चकचकीत कपचे अडकलेले. "भर पाण्यात जाम झालं असतं इंजिन," कप्तान म्हणाला आणि मामांकडे पाठ फिरवून निघून गेला. रागावलाच होता, आणि त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं.

धक्क्यावरच्या चहाच्या टपरीत मामा-मामी समोरासमोर बसले.

"अगं, तू का नाही बोललीस?"

"बोलणारच होते. खलाशाने गाठ सोडली असती, की ओरडले असते." मामी म्हणाल्या. "पण आधी तुम्ही बोलावं असं वाटत होतं. मला बोलायला लागलं असतं ना, तर घरी एकमेकांना तोंड दाखवणं कठीण झालं असतं."

चहा आला. सगळा धक्का त्यांच्याकडेच बघत होता. मामींनी सवयीने बोट पुढे केलं आणि लोकांकडे बघून मागे घेतलं. तेव्हा मामांनी आपला पेला स्वतःच त्यांच्यापुढे सरकवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बघ गं, फार गरम आहे का?"