केबिनमधला दुसरा पलंग

"उभा राहा," सर म्हणायचे. पोरगं उभं राहायचं. "नीट उभा राहा." ते आणखी ताठ व्हायचं. मग सर चष्मा कपाळावर सरकवून शांतपणे विचारायचे, "आता सांग, तू कशासाठी उभा आहेस?"

उत्तर कुणालाच देता यायचं नाही, कारण त्याआधी धड्यातला प्रश्न विचारलेलाच नसायचा. वर्ग हसायचा. ज्याला उभं केलं तो सोडून सगळे. परभणीच्या आमच्या शाळेत आठवी ते दहावी भूगोल शिकलेली प्रत्येक पिढी अशी एकेकदा उभी राहिली आणि उरलेले दिवस दुसऱ्यांना हसली. तुमच्याही गावात असा एक मास्तर असेल. आठवून बघा, आणि आपण किती वेळा हसलो तेही आठवून बघा.

सर आता नाहीत. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. त्यांच्याबद्दल चांगलं असं एक आहे, ते आधी सांगून टाकते.

आमचा छापखाना सरांच्या घरामागच्या गल्लीत. लग्नपत्रिका पोटासाठी, आणि मोर्च्यांची, सभांची, संपांची पत्रकं बापाच्या समाधानासाठी. मी त्या पत्रकांच्या कागदावरच अक्षरं गिरवली. निवृत्त झाल्यावर सर रोज संध्याकाळी यायचे आणि न मागता प्रुफं तपासून द्यायचे. "तुझ्या बापाच्या लिखाणात वाक्यं नसतात, नुसत्या आरोळ्या असतात," असं म्हणत लाल शाई चालवायचे. एका पत्रकात आम्ही त्यांच्याच संस्थेच्या, त्यांच्याच जातीच्या संचालकांची सालटी काढली होती. तेही त्यांनी दोनदा वाचलं. "शिव्या द्यायच्या तर शुद्ध द्या," म्हणाले आणि पैसे न घेता गेले.

झालं. आता बाकीचं.

सरांचा आवडता धडा युरोपातल्या नद्यांचा, आणि त्यात डॅन्यूब. काळ्या जंगलात उगम, काळ्या समुद्रात शेवट, वाटेत चार देशांच्या राजधान्या. हे सांगताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा. एरवी तो कुणासाठी मऊ झालेला मी ऐकला नाही. नकाशा शाळेचे शिपाई घेऊन यायचे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. नकाशाची एका बाजूची दोरी तुटलेली होती, त्यामुळे तो कोपरा धरून मामा अख्खा तास उभे. मामांचा पंजा बरोबर काळ्या समुद्रावर असायचा. नदी शेवटी कुठे जाते ते आम्हाला कधी दिसलंच नाही. दोरी बांधायला दोन मिनिटं लागली असती. सर म्हणायचे, "दोरी कशाला? तो आहे ना."

पंचाहत्तरी जवळ आल्यावर सरांनी ठरवलं की ती नदी आता डोळ्यांनी बघायची. जर्मनीतल्या पासाऊ गावी जहाजात बसायचं, व्हिएन्नात दोन दिवस, तिथून पुढे ब्रातिस्लाव्हा आणि बुडापेस्ट. वर्षभर तयारी चालली होती. पुस्तिका, वेळापत्रक, व्हिसाचे कागद, सगळं आमच्या संगणकावर. कुठल्या दिवशी कुठल्या बांधापाशी पाणी सोडून जहाज किती खाली उतरवतात हेसुद्धा त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं.

अडचण एकच. सरांची बायपास झालेली. पुण्याच्या मुलीनं अट घातली, की केबिनमध्ये दुसरं माणूस असल्याशिवाय पाठवणार नाही. केबिनमध्ये पलंग दोन. ज्यानं यायचं त्यानं आपला खर्च आपण करायचा.

दुसरा कुणी असता तर मित्राला विचारलं असतं. सरांना मित्र नव्हते, विद्यार्थी होते. म्हणून त्यांनी परीक्षा ठेवली.

मी खोटं सांगत नाही, प्रश्नपत्रिका मीच छापली. 'डॅन्यूब प्रवास, सोबती निवड चाचणी. एकूण गुण पन्नास.' त्यांनी गच्चीवर खडूनं केबिन आखली होती, पुस्तिकेतल्या मापानं. दोन पलंग, मध्ये हातभर वाट, खिडकी, न्हाणीघर. लेखी झाल्यावर उमेदवारानं त्या चौकटीत आडवं होऊन दाखवायचं, म्हणजे कूस किती बदलतो ते कळेल.

आदल्या आठवड्यात मामा छापखान्यात आले होते. निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झालेली. नातवाच्या जावळाची पत्रिका करायची होती. टेबलावरची प्रश्नपत्रिका त्यांनी उचलली आणि ओठ हलवत वाचत राहिले. मग हळूच म्हणाले, "ताई, हे तर समदं मला येतंय."

"मग बसा ना परीक्षेला."

"खुळ्यागत काय बोलायलात? सर काय म्हणतील?"

"परीक्षा आहे, मामा. ज्याला येतं तो पास."

"येतं तर हाय," ते कागद परत ठेवत म्हणाले. "निवृत्तीचे पैसे तसेच बँकेत पडलेत. बायको गेली, पोरगा नोकरीला लागला. एकडाव ती नदी बघावी वाटती. तीस वर्षं ऐकायलोय तिच्याबद्दल."

मी त्यांना समतेवर पाच मिनिटं ऐकवलं. माझ्याकडे वाक्यं तयारच असतात. जाताना मामा म्हणाले, "तुमी म्हणता तर बसतो."

रविवारी सकाळी मी प्रश्नपत्रिका घेऊन गेले, तेव्हा गच्चीवर पाच जण जमले होते. मामा सहावे. ते पाणी द्यायला आलेत असं सरांना वाटलं, त्यांनी प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा मामांच्याच हातात दिला. मामांनी पाच वाटल्या.

"सर, एक मला बी ठिवतो."

सरांनी चष्मा वर केला. "तुला?"

"हौ सर."

"लिही, लिही. हौस फेडून घे."

तासाभरानं सरांनी गुण वाचले, शाळेत वाचायचे तसेच, सगळ्यांत कमीपासून. चार. सहा. सात. नऊ. मग झरीचे बी-बियाण्यांचे दुकानदार शेटजी, अकरा. शेटजींनी चार राजधान्या लिहिल्या होत्या मुंबई, नागपूर, दिल्ली आणि व्हिएन्ना. "एक तर बरोबर हाय का न्हाई?" ते म्हणाले, आणि आम्ही पोट धरून हसलो.

हातात एक पेपर उरला होता. सरांनी त्यातली बेरीज पुन्हा एकदा केली. "सेहेचाळीस," ते म्हणाले.

मामा उठले. चपला जिन्यातच काढलेल्या होत्या. ते खडूच्या चौकटीकडे चालू लागले, आडवं होऊन दाखवायला.

"थांब. रेघेच्या बाहेरच थांब. तोंडी राहिलीय."

मामा थांबले. त्यांच्या पायाचे अंगठे रेघेला लागून होते.

"सकाळी केबिनमध्ये चहाचे दोन कप आले," सर म्हणाले. "पहिला कप कोण उचलणार?"

मामांनी विचार केला. इतका सोपा प्रश्न अवघड असणार, असं त्यांना वाटलं असावं. "तुमीच की, सर. मी उचलून तुमाला देणार."

"मग ते काम करायला एवढ्या लांब कशाला जायचं? इथंच दे."

सगळे हसले. मीही हसले. हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला म्हणून एकदाच लिहिते, मीही हसले. राग नंतर आला.

सर शेटजींकडे वळले. "पासपोर्ट तयार ठेवा." आणि मामांना म्हणाले, "जाताना हे पुसून टाक. खडू पायाला लागतो."

मामांनी बादली आणली, फडकं ओलं केलं. आधी खिडकी पुसली, मग न्हाणीघर, मग एक पलंग, मग दुसरा. शेटजी तिथंच उभे होते, मामा म्हणाले, "पाय उचला जरा." पत्रकांत मी ज्या माणसाबद्दल आरोळ्या मारते तो माझ्यापुढे गुडघ्यांवर बसला होता, आणि माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही.

दुपारी मी पेटून पत्रक लिहिलं. ते घेऊन मामांकडे गेले. त्यांनी पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि घडी घालून परत दिलं.

"परीक्षेला बसा म्हणल्या, बसलो. गच्चीवर सहा जण हसले. आता हे छापून समद्या परभणीला हसवता का?"

"मामा, हा अन्याय आहे!"

"हौ. पर तो माझा हाय न्हवं? मग राहू द्या माझ्यापाशी."

मी ते छापलं नाही.

सर आणि शेटजी जाऊन आले. शेटजींनी सोबत पापड, लोणचं आणि ठेचा नेला होता. आठातले सहा दिवस ते झोपले आणि परत आल्यावर एवढंच सांगू लागले, की तिकडं पाण्याला पैसे पडतात. सर मात्र वेगळ्याच तेजात होते. त्यांनी शाळेच्या सभागृहात फोटो दाखवायचा कार्यक्रम ठेवला. फोटो पडद्यावर लावायचं काम माझ्याकडे. माणसं जमली, चिवड्याचा वास सुटला होता. सर सुरू करेनात. तीनदा दाराकडे बघून ते माझ्याकडे आले.

"तो नाही आला?"

"कोण?"

"कोण म्हणजे काय? जा, घेऊन ये त्याला. ह्या ढेकळांना काय कळणार आहे?"

तेव्हा मला समजलं. तीस वर्षं त्यांचं बोलणं खरोखर ऐकणारा एकच माणूस होता, आणि हे सरांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

मामा ओसरीवर सुपात मूग निवडत बसले होते. मी निरोप सांगितला. ते खडे काढत राहिले.

"लय ऐकलं, ताई. आता न्हाई." मी उठले तेव्हा म्हणाले, "तेवढं इचारा सरांना. पाण्याला हात लावला का म्हणावं?"

हा प्रश्न मी सरांना बाजूला घेऊन विचारू शकले असते. मी तो माईकवर विचारला. भरल्या सभागृहात, मामांचं नाव घेऊन, एकेक शब्द सुटा करून.

उत्तर पुढच्या रांगेतून शेटजींनी दिलं, "हात कसा लावणार? जहाज लय उंच! आन् काठावर उतरलो की हे वहीत लिहीत बसायचे."

लोक हसले. सर पडद्याशेजारी उभे होते, एकटेच.

"लाव," ते मला म्हणाले.

मी फोटो लावत गेले. पूल, घाट, टेकडीवरचा मठ, दिव्यांनी उजळलेलं काहीतरी मोठं. सर बोलत नव्हते. कुठलं गाव, कुठला पूल, नदी तिथे किती रुंद, काहीच नाही. दहा-बारा फोटो झाल्यावर मागून एका पोरानं विचारलं, "सर, हे कोणतं गाव हाय?"

सरांनी पडद्याकडे पाहिलं. व्हिएन्ना होतं ते, मलासुद्धा ओळखता येत होतं.

"नदीकाठचं आहे एक," ते म्हणाले. "पुढचं लाव."