बाई गोड बोलल्या तर

आमच्या दोघींच्या मध्ये एक भिंत आहे, पण ती नावापुरतीच. पलीकडे बाई डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांकडून मनोविकारांची उजळणी करून घेतात, अलीकडे मी कपडे शिवते. मला त्यांचे सगळे आजार ऐकू येतात आणि त्यांना माझं मशीन. मशीन जोरात चाललं की भिंतीवर थाप पडते, मग मी मुद्दाम एक लांब शिवण मारते. आमचा शेजारधर्म एवढाच.

बाई मेडिकल कॉलेजात शिकवायच्या. निवृत्त झाल्या तरी परीक्षा जवळ आली की गटांगळ्या खाणारी मुलं त्यांच्याकडे येतात. पुस्तक उघडायच्या आधी बाई स्वतःच पेशंट होऊन खुर्चीत बसतात. मुलांनी प्रश्न विचारायचे आणि आजार, औषध, औषधाचे त्रास, सगळं सांगायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पलीकडून बाईंचा आवाज आला, "सकाळी उठावंसंच वाटत नाही हो. सगळ्यांना माझा भार झालाय." मी हातातलं काम टाकून पाण्याचा ग्लास घेऊन त्यांच्या दारापर्यंत गेले. आत एक मुलगा विचारत होता, "किती दिवसांपासून असं वाटतंय?" त्यावर बाई कडाडल्या, "आधी मरणाचे विचार येतात का ते विचार, गाढवा! दिवस मग मोज." मी ग्लासासकट परत फिरले.

तेव्हापासून मलाही नाद लागला. बटणं लावता लावता मी निदान करायची. बहुतेक वेळा चुकायचं, कारण माझ्या मते सगळ्यांनाच नैराश्य असायचं. आपल्यावरून जग ओळखावं म्हणतात, तसं. मुलगा दुसऱ्या देशात, नवरा भिंतीवरच्या फोटोत, आणि गिऱ्हाइकांचं बोलणं कमरेत सैल, खांद्यात घट्ट, एवढ्यावर संपतं. कधी वाटायचं, त्या मुलांनी एकदा मलाच येऊन विचारावं, झोप लागते का, भूक लागते का.

बाई सगळे पेशंट करायच्या. कानात आवाज येणारा, पुन्हा पुन्हा हात धुणारा, दारू सुटून थरथरणारा. एक तेवढा करायच्या नाहीत. मुलं म्हणायची, "मॅडम, उन्मादाचा पेशंट करा ना." बाई म्हणायच्या, "तो पुस्तकातून वाचा." उन्मादात म्हणे माणूस झोपेशिवाय हसतखेळत राहतो, पैसे उधळतो, स्वतःला राजा समजतो. मला वाटलं, या वयात बाईंना झेपत नसेल.

यंदा परीक्षेआधी कायद्याचा तास होता. माणूस बरा असताना आधीच लिहून ठेवू शकतो, बाई सांगत होत्या. पुढे माझं डोकं ठिकाणावर नसेल तेव्हा कोणते उपचार करा, कोणते नको, आणि माझ्या वतीने कोणी बोलायचं. तो माणूस नात्यातलाच हवा असं नाही. सज्ञान हवा, शुद्धीवर हवा आणि कबूल हवा.

"आणि मॅडम, असं कोणीच नसेल तर?" एका मुलीने विचारलं.

मी मशीनवरचा पाय उचलला.

"तर सरकार कोणालातरी नेमतं," बाई म्हणाल्या. "सोय आहे. लिहून घ्या." पण आवाजात नेहमीची जरब नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात बाई. "मशीन बंद होणार नाही," मी आधीच सांगून टाकलं.

"मशीनचं नाही. माझं काम आहे."

आत येऊन बसल्या. हातातला कागद माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "तो उन्मादाचा पेशंट मीच आहे. तरुणपणी दोनदा झालं. तेव्हापासून लिथियमच्या गोळ्या घेते, रक्त तपासते, बरी आहे. परत झालं तर माझ्या वतीने बोलायला दादा होता. तो या थंडीत गेला."

थंडीत त्यांच्या दाराला कुलूप होतं खरं. बाई कुठे हवापालटाला गेल्या असतील असं समजून मी दिवसभर मशीन दणकावलं होतं. मला कोणी काही सांगितलं नाही. सांगणार तरी कोण?

"एवढे विद्यार्थी आहेत की तुमचे," मी म्हटलं.

"ते माझा मान राखतात, तिथेच तर घोळ आहे. आजारात मी फार गोड बोलते. मी उत्तम आहे, गोळ्या कशाला, असं भल्याभल्यांना पटवते. दादाला कधी पटलं नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि तुम्हाला आजवर माझं काहीएक पटलेलं नाही."

हसावं की रडावं मला कळेना. उभ्या जन्मात माझ्या भांडखोरपणाची कोणी कदर केली नव्हती.

"पण मला कळणार कसं?"

"मी हसत येईन. तुमची विचारपूस करीन. मशीन खुशाल चालवा म्हणेन. त्या दिवशी कागदावरच्या या डॉक्टरांना फोन करायचा. मी रडले, शिव्या दिल्या, तरी करायचा."

मी सही केली. पलीकडून एखादा गोड शब्द यावा अशी मला किती आस होती, ते त्या गेल्यावर उमगलं. आणि आता तो आला तर घाबरायचं होतं.

परीक्षा झाली, मुलं पांगली. भिंत मुकी झाली. मी मशीन चालवायची, थाप पडायची, तेवढाच दिवसाचा संवाद. एक दिवस तीही पडली नाही. मी जाड कापड घेतलं, मशीन पळवलं, तरी नाही. संध्याकाळी बेल वाजली. बाई दारात, हसऱ्या चेहऱ्याने.

"जेवलात का?" त्यांनी विचारलं. "एकट्याच असता दिवसभर."

मी टेबलावरचा फोन हातात घेतला आणि मुलं विचारायची तसं विचारलं, "झोप कशी आहे?"

बाई समजल्या. मुकाट स्टुलावर ताठ बसल्या. "बरी. पहाटे जाग येते, म्हाताऱ्यांना येते तशी."

"खर्च काही केलात?"

"चपलेचा अंगठा शिवून घेतला."

"डोक्यात विचार पळतात?"

"पळून जातील कुठे? कोणी वाट बघत असेल तर ना."

"मग आज गोड का बोलताय?"

"मुलं गेल्यापासून कोणाशी बोललेच नाहीये हो."

ते खरं असावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि म्हणूनच माझा माझ्यावर भरवसा नव्हता. मी फोन सोडला नाही. "आणि मशीनचा आवाज?"

"डोकं उठतं माझं!" बाई उसळल्या. "आज थाप मारली नाही, कारण मारली असती तर तुम्ही मला दारात उभं केलं नसतं."

माझा जीव भांड्यात पडला. मी फोन खाली ठेवला. जेवलात का, हे मला कोणी शेवटचं कधी विचारलं होतं, तेही आठवेना.

"नाही," मी म्हटलं, "अजून जेवले नाही."