सेलबाईचा उपास

धुरपताबाईला कुणी विचारलं, "पोरगी कुठी आहे?" तर ती नजर न चुकवता सांगायची, "मिरची तोडाले गेली." गेली तीन वर्षं तिचं हेच उत्तर होतं. मिरचीचा हंगाम दोन-अडीच महिन्यांत आटोपतो, हे आलापल्लीपासून सिरोंच्यापर्यंत शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण तसं तिच्या तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

करिश्मा गावच्या बायांबरोबर गोदावरीपलीकडे तेलंगणात मिरचीला गेली, तिथे तापाने फणफणली आणि वारली. तिथेच तिला माती दिली. परत आलेल्या बायांनी तिच्या कपड्यांचं गाठोडं धुरपतासमोर ठेवलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "कपडे आणले. पोरगी कुठी?"

मयताच्या घरी चूल पेटत नाही. सोयरे आपल्या घरून भात रांधून आणतात, आधी कडुनिंबाचं पान चावायला देतात आणि मग आपल्या हाताने घास भरवतात. हा कडू घास. तो गिळला की माणूस गेलं हे कबूल झालं. धुरपताने सोयऱ्यांना दारातूनच वाटेला लावलं. "माही पोरगी गेली नाई. तुमचा भात तुमच्या घरी न्या." तिचा नवरा झाडू मात्र गोठ्यामागे गेला आणि कुणाच्या तरी हातून त्याने तो घास खाल्ला. तिने ते पाहिलं होतं. त्या एका घासासाठी ती नवऱ्यावर अजून रुसलेली होती.

जंगलातल्या मिशनच्या दवाखान्यात पाहुण्यांचा स्वयंपाक धुरपता करायची. ती काही ख्रिस्ती नव्हती. तिचे देव डोंगरावर, पगार मिशनचा, आणि दोघांचं आपसात काही वाकडं नाही असं तिचं मत होतं. पाहुणे यायचे, तिखटाने नाक पुसायचे, फोटो काढायचे आणि जायचे. त्यांची नावंसुद्धा ती लक्षात ठेवत नसे.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला फिलिपिन्सहून मारिसेल आली. वीस-बावीस वर्षांची, सावळी, बुटकी. रुग्णसेवा करायची, पोरांना गाणी शिकवायची, असं ठरवून आई-बापांना सोडून प्रथमच समुद्र ओलांडलेली. गावाने पहिल्याच दिवशी तिच्या नावाची वाट लावली. 'मारीबाई' म्हणावं तर मरीआईची आठवण व्हायची, म्हणून पुढचं तोडलं आणि मागचं ठेवलं. झाली सेलबाई. टॉर्चमध्ये घालतात तो सेल.

त्या रात्री धुरपताने सुकी मासळी परतली होती. एरवी त्या वासाने पाहुणे खिडक्या उघडत. सेलबाई वासावरच स्वयंपाकघरात आली, पाटावर मांडी घातली आणि हाताने भात कालवून मासळीबरोबर दोनदा मागून जेवली. तिच्या देशात सकाळीच असं जेवतात म्हणे. धुरपता बघतच राहिली. नर्स चंचलला तोडकंमोडकं इंग्रजी यायचं. तिच्याकडे वळून धुरपता म्हणाली, "माह्या करिश्मालेबी सुकी मासळी लय आवडते."

आवडते. चंचल मान खाली घालून भात कालवत राहिली.

पुढचे दोन आठवडे बरे गेले. सेलबाई चुलीजवळ बसायची, अंबाडी निवडायची, धुराने डोळे चोळायची. संध्याकाळी पाण्याच्या टाकीवर चढायची, कारण फोनला रेंज फक्त तिथेच. घरी एक फोन केल्याशिवाय ती खाली उतरायची नाही.

मग चर्चचा उपासाचा काळ लागला, आणि त्याच सुमाराला सेलबाईचं ताट भरलेलं परत यायला लागलं.

"उपास करून राह्यली असन," चंचल म्हणाली. कुणालाही तसंच वाटलं. पास्टरनी तर तिच्या भक्तीचं रविवारी कौतुकही केलं. धुरपताला मात्र ते पचेना. उपास तिनेही केले होते, उपासाचा माणूस तिला दुरून कळायचा. तो दर घटकेला ऊन कुठे आलं ते बघतो, विनाकारण खेकसतो, आणि सोडायची वेळ झाली की हात न धुता बसतो. ही पोरगी खेकसत नव्हती. टाकीवरही चढत नव्हती. खोलीत फोन कानाला लावून भिंतीकडे तोंड करून पडायची. फोनमधून एका बाईचा आवाज यायचा. तीच वाक्यं, मध्ये तोच खोकला, शेवटी तेच हसणं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

ताट ठेवलं की ती भिंतीकडेच बघत पुटपुटायची. धुरपताला ऐकू यायचं, "ना, नाई... ना, नाई." नको तर नको. ती ताट उचलून आणायची आणि भांडी जरा जास्तच आपटायची. तिला राग येत होता, आणि रागाखाली लाजही वाटत होती. एवढी मासळी मिटक्या मारत खाणारी पोर, आता आपल्या हाताला चव राहिली नाही की काय?

शेवटी तिने चंचलला धरलं. "तुही बाई ताट ठेवलं का 'ना नाई, ना नाई' करते. जेवाचं नसन तर तसं सांगावं. रांधाले काऊन लावता मले?"

चंचल हातातलं काम सोडून उभी राहिली. "'ना, नाई' नाई म्हणत ते, बाई. नानाय म्हणते. त्यायच्यात मायले नानाय म्हणतात."

धुरपताने सेलबाईच्या खोलीकडे पाहिलं.

"तिची माय बीमार होती," चंचल सावकाश म्हणाली. "खोकला होता. बरी होईन म्हणे... थांबा, मी विचारतो तिले."

"नको विचारू!" धुरपता इतक्या जोरात म्हणाली की दारातली कोंबडी उडाली. "विचारलं का सांगा लागते. अन् सांगतलं का ते खरं होते."

कडू घास सुतकाच्या घरात शिजवून चालत नाही. मिशनच्या चुलीवर रांधलेला भात तिथेच राहणाऱ्या पोरीला भरवता आला नसता. म्हणून धुरपता हातातलं काम टाकून घरी गेली. वाटेत मोहाची फुलं टपटप पडत होती, बाया टोपल्या घेऊन झाडाखाली वाकल्या होत्या. घरी तिने चूल पेटवली, भात टाकला, वरण केलं आणि अंगणातल्या कडुनिंबाची डहाळी तोडली. झाडू बाजेवर दोरी वळत होता. डहाळी बघून त्याचे हात थांबले.

"कोनाच्या घरी?"

"सेलबाईच्या."

झाडूने पुन्हा दोरी हातात घेतली, पण ती त्याला वळता येईना.

मारिसेलच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. धुरपता तिच्यासमोर जमिनीवर बसली. दोघींना समजेल अशी एकही भाषा नव्हती, हे एका परीने बरंच होतं. तिने कडुनिंबाचं पान पुढे केलं. पोरीने ते औषध समजून तोंडात घातलं, चावलं, आणि कडूजहर लागून तोंड वाकडं केलं. मग धुरपताने भात-वरणाचा घास केला आणि तिच्या ओठांशी नेला. "नानायचा," ती म्हणाली. "नानायचा घास."

पोरीने तिच्याकडे पाहिलं. या दिवसांत तिने कुणालाच काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिला परत पाठवलं असतं, किंवा सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली असती, आणि दोन्हीत आई मेली असती. तिने तोंड उघडलं, घास घेतला, आणि तो गिळता गिळता ती जी रडली, ते दवाखान्याच्या दुसऱ्या टोकाला चंचलला ऐकू गेलं. धुरपता तिची पाठ चोळत घासामागून घास देत राहिली.

थोड्या वेळाने पोर शांत झाली. तिने नाक पुसलं, ताटाकडे बघितलं. तिच्या गावात समोरचं माणूस उपाशी ठेवून कुणी जेवत नाही. तिने बोटांनी नीट घास बांधला आणि धुरपताच्या तोंडाशी धरला.

धुरपताने ओठ घट्ट मिटले. तीन वर्षं मिटलेलेच होते ते. हा दुसऱ्याच्या हातचा घास, निंबाच्या ताटातला. ती मागे सरकली आणि जीव घाबरून म्हणाली, "ना, नाई... ना, नाई."

पोरीने ऐकलं, 'नानाय.' तिच्या डोळ्यांना पुन्हा धार लागली. तिला वाटलं, या बाईचीही आई गेली असावी. ती मानेने 'हो, हो' म्हणाली आणि तिने हात तसाच धरून ठेवला. बोटांमधून वरण मनगटापर्यंत ओघळलं, तरी तिने हात मागे घेतला नाही.

धुरपताने तोंड उघडलं. भात अळणी होता, मीठ घालायला ती विसरली होती.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. झाडू अंगणात बसला होता. ती त्याच्याजवळ जाऊन टेकली, तीन वर्षांत पहिल्यांदा.

"करिश्माले," ती म्हणाली, "सुकी मासळी लय आवडत होती."

"हो," झाडू म्हणाला. "लय आवडत होती."