नवी आवृत्ती येईपर्यंत

धायरीत एका मित्राकडे आम्ही चौघे दर रविवारी फासे टाकून गोष्टीचा खेळ खेळायचो. प्रत्येकाचं एक पात्र. माझा म्हातारा जादूगार. गोष्ट चालवायचा तो मित्रच. एकदा म्हणाला, “नियमांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती येतेय. तोवर खेळ बंद.”

मग ग्रुपवर माझेच अंदाज सुरू. दिवाळीत येईल, नाहीतर उन्हाळ्यात नक्की. बाकीचे नुसते हसरे चेहरे पाठवायचे.

परवाच्या रविवारी तारीख जाहीर झाली. आनंदानं बाकरवडी घेऊन त्याच्या घरी गेलो, तर जुनंच पुस्तक उघडून तिघे फासे टाकत बसलेले!

“माझा जादूगार कुठंय?” मी विचारलं.

“तो मेला रे, दिवाळीआधीच,” मित्र म्हणाला. “झोपेत.”

नालायकांनो, निदान लढताना तरी मारायचं त्याला!