कमरेत उसण भरली आणि मी बादली सांगितली

२०२३ साल. मला एकाहत्तरावं चालू होतं. जानेवारीतल्या एका सोमवारी, दिल्लीत सरोजिनी नगरच्या आमच्या क्वार्टरजवळच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला पालथं झोपवलं. अंगठा दाबत दाबत त्या पाठीवरून खाली आल्या आणि एका जागी मी ओरडलो.

"लंबर स्ट्रेन है, बाबूजी," त्या म्हणाल्या.

लंबर म्हणजे कमरेचा खालचा भाग. स्ट्रेन म्हणजे तिथला स्नायू ताणला गेला. आपण उसण भरली म्हणतो, तेच. माझी जरा मोठी होती इतकंच.

मग त्यांनी विचारलं, "क्या उठाया था?"

"बाल्टी," मी म्हणालो. "पानी की बाल्टी."

हे खोटं होतं. मी बादली उचलली नव्हती, बायकोला उचललं होतं. शेजारी मुलगा उभा होता, म्हणून खोटं बोललो. खरं कळलं असतं तर त्यानं मला पुन्हा तिला हात लावू दिला नसता.

रविवारी विहारात वंदना झाली की आम्ही म्हातारे चहाला बसतो. त्यातले दोघे-तिघे कमरेला हात लावूनच बसतात, आणि त्यांच्याही घरी कुणी ना कुणी अंथरुणाला आहे. त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं शिक्षण पाचवीपर्यंत, पण झालं तसं सांगायला तेवढं पुरतं.

माझी बायको कमल. आदल्या वर्षी तिला स्ट्रोक झाला, म्हणजे मेंदूत रक्त अडकलं आणि डावी बाजू गेली. बोलणं अडखळत, दोन-दोन शब्दांचं राहिलं. मुलगा मिलिंद आणि सून सुजाता दोघं सरकारी नोकरीत, सकाळी निघाले की संध्याकाळी येणार. ते म्हणत होते बाई ठेवू. मी म्हटलं, मी मेलोय का?

मी बत्तीस वर्षं एका राज्याच्या अतिथीगृहात स्वयंपाकी होतो. भाताचं मोठं पातेलं, त्याला इथं देग म्हणतात, ते बाकीचे दोघं मिळून उचलायचे. मी एकटा उचलायचो. पाय रोवायचे, कमरेतून वाकायचं, पोटाशी घट्ट धरायचं, श्वास कोंडायचा आणि एका झटक्यात वर. कुणी हात पुढं केला तर मला राग यायचा.

कमललाही मी वर्षभर तसंच उचललं. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात, परत पलंगावर. दिवसातून सहा-सात वेळा.

हॉस्पिटलातून घरी आलो त्या महिन्यात एक फिजिओथेरपीवाल्या मॅडम आल्या होत्या. फिजिओथेरपी म्हणजे व्यायामानं अंग सुधारणं. त्यांनी ट्रान्सफर शिकवलं होतं, म्हणजे आजारी माणसाला एका जागेवरून दुसऱ्या जागी कसं न्यायचं ते. मी मान हलवली आणि एक शब्द ऐकला नाही. देग उचलणाऱ्याला ही पोरगी काय शिकवणार? त्या महिन्यातून एकदा यायच्या तेव्हा मी म्हणायचो, सब ठीक है, आणि चहा पाजून पाठवायचो.

त्या सोमवारी सकाळी दोघं ऑफिसला गेल्यावर मी तिला संडासातल्या खुर्चीवरून उचललं. पलंगाशी आलो आणि कमरेत कट्‌ असा आवाज आला. आवाज मी कानानं ऐकला की अंगात, सांगता येत नाही. मला वरही होता येईना, खालीही. कसंबसं तिला पलंगाच्या कडेवर टाकलं. होय, टाकलंच म्हणतो. मी फरशीवर बसलो तो तिथंच. ती अर्धी पलंगावर, अर्धी लोंबकळत. तिच्या उजव्या हातात माझ्या स्वेटरची कॉलर. भांडीवाली येईपर्यंत आम्ही असेच होतो. तास झाला असेल. तेवढ्या वेळात ती एकदाच बोलली, "दुखतंय?"

मी म्हटलं, "नाही."

मिलिंद आला तेव्हा मी बादली सांगितली. कमल पलंगावरून बघत होती.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला नाही. त्या म्हणाल्या, पायात ताकद आहे, लघवी-संडासवर ताबा आहे, जांघेत बधिरपणा नाही, म्हणजे घाबरायचं कारण नाही. यातलं एकही बिघडलं तर मात्र घरी थांबू नका, सरळ हॉस्पिटलात जा. हे त्यांनी दोनदा सांगितलं, म्हणून मीही लिहून ठेवतो. बाकी इलाज घरचा. गोळ्या पाच दिवस, शेक टॉवेलातून, झोपताना गुडघ्यांखाली उशी, उठताना कुशीवर वळून हाताच्या जोरावर. वजन अजिबात उचलायचं नाही. आणि शेवटी म्हणाल्या, "लेटे मत रहना, बाबूजी. थोड़ा-थोड़ा चलते रहना."

एवढंच मला पटलं नाही. कंबर धरली की जमिनीवर उताणं पडायचं, हे मी लहानपणापासून बघत आलो. हॉलमध्ये सतरंजी घातली आणि आठ दिवस पडून राहिलो. बाहेर धुकं, फरशी गार. उठायचो बहुतेक संडासलाच.

मिलिंदनं दुसऱ्याच दिवशी बाई लावली. सुनीता. बिहारची, तिशीतली, आठला यायची आणि संध्याकाळी जायची. मला पहिल्याच दिवशी म्हणाली, "बाबूजी, आप आराम करो, अम्मा अब मेरी."

मला ते लागलं. पण जमिनीवरून भांडण तरी कसं करणार?

बुधवारी मी स्वतःचा इलाज चालवला. सुजाताला ऑफिसला जाताना बाम चोळून द्यायला लावला. ती गेल्यावर भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेलो, तव्यावर मीठ भाजलं, फडक्यात बांधलं आणि त्यावरच पाठ टेकून पडलो. बामानं कातडी आधीच झणझणत होती, त्यामुळे भाजतंय ते कळलंच नाही. संध्याकाळी सुजातानं शर्ट वर केला आणि म्हणाली, "बाबा! हा फोड केवढा!"

"जाईल."

"बत्तीस वर्षं स्वयंपाक केलात, आणि गरम काय ते कळत नाही?"

सुनेला बोलायची संधी मी दिली. बाम लावलेल्या जागी गरम काही ठेवू नका, हे माझ्याकडून फुकट शिका.

आतल्या खोलीतून सुनीताचा आवाज यायचा. "एक, दो, तीन. शाबाश अम्मा. फिर से." मग कमलचा हसण्यासारखा आवाज. मला वाटायचं लहान मुलासारखं खेळवते तिला. दार पुढं केलेलं असायचं. मला वाटायचं तिला तिथंच बरं वाटतंय, आणि त्या विचारानं कमरेपेक्षा जास्त त्रास व्हायचा. रविवारी मिलिंदला म्हटलं, महिना झाला की या बाईला काढ, मी उभा राहतो.

तो म्हणाला, "बाबा, तुम्ही आधी उठून बसा."

नवव्या दिवशी डाव्या पायाला मुंग्या आल्या. आता मात्र मी घाबरलो. दोघंही अंथरुणाला, मग कोण कुणाचं करणार? मिलिंदनं सुट्टी टाकली, ऑटोत बसवलं. ऑटोच्या प्रत्येक धक्क्याला मी दांडा आवळत होतो. दवाखान्यात दीड तास बाकावर. बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, गुडघ्यावर हातोडी मारली. नस दबलेली नव्हती. "आप लेटे रहे?" त्यांनी विचारलं. मी मिलिंदकडे बघितलं. मिलिंद म्हणाला, "आठ दिन."

"तो अकड़ गए हैं. मसल स्पॅझम है." स्पॅझम म्हणजे स्नायू घाबरून मुठीसारखा आवळून बसतो. तो पडून राहण्यानं सुटत नाही, हलण्यानं सुटतो. दर तासाला पाच मिनिटं चालायचं, असं कागदावर लिहून दिलं. मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "बाल्टी ही थी ना?"

मी म्हटलं, "हां जी."

दुसऱ्या दिवसापासून चालायला लागलो. कानटोपी घालून क्वार्टरच्या पार्कला अर्धी फेरी, मग एक, मग दोन. तिसऱ्या दिवशी मोजे स्वतः घातले. हे सांगायला लाज वाटायला पाहिजे, पण मला आनंद झाला होता.

शनिवारी फिजिओ मॅडम आल्या. मी फेरी मारून परत आलो तर आतल्या खोलीचं दार उघडं. मी चौकटीला धरून उभा राहिलो.

कमल उभी होती.

पलंग मागं, वॉकर पुढं, म्हणजे चार पायांची धरायची घोडी. उजव्या हाताची मूठ पांढरी झालेली, डावा गुडघा थरथरत होता. सुनीता बाजूला, फक्त एक हात तिच्या पाठीमागं, न टेकवता. वर्षभरात मी माझ्या बायकोला उभं बघितलं नव्हतं. ती माझ्या खांद्याएवढी आहे हेही मी विसरलो होतो.

मॅडमनी विचारलं, "अम्मा को किसने खड़ा किया?"

सुनीता म्हणाली, "खुद उठती हैं. आठ-दस दिन से."

मॅडम माझ्याकडे वळल्या. मी वर्षभर सब ठीक है म्हणत आलो होतो, ते त्यांनाही आठवत असणार. "अंकल जी, आप अकेले उठाते थे ना? पूरा?"

मी हो म्हटलं. पहिल्यांदा खरं बोललो.

"टाँग पर वज़न ही नहीं आया, तो ताकत कहाँ से आती?" त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी विचारलं, आता पूर्ण चालेल का? त्या म्हणाल्या, पहिले महिने फार मोलाचे असतात. ते गेले. आता जेवढं येईल तेवढं.

हे वाक्य मी अजून गिळू शकलेलो नाही. माझी कंबर दीड महिन्यात बरी झाली. तिचे ते महिने परत यायचे नाहीत.

दोघी बाहेर गेल्यावर तिच्याजवळ खुर्चीत बसलो, पाठीशी टॉवेलाची गुंडाळी घेऊन. म्हटलं, "कमल, तुला उभं राहता येतंय, मला सांगायचं नाही?"

ती बराच वेळ शब्द जुळवत होती. "सांगितलं... की. तुम्ही... उचलायचे."

तेव्हा आठवलं. मी उचलताना ती माझ्या छातीवर उजव्या हातानं ढकलायची. मला वाटायचं भीती वाटते तिला. म्हणून मी आणखी घट्ट धरायचो.

"मी... देग नाही," ती म्हणाली. मग तोंडाची एक बाजू हसली. "बादली... पण नाही."

संध्याकाळी मिलिंद-सुजाताला समोर बसवून खरं सांगितलं. मिलिंद म्हणाला, "आम्हाला माहीत होतं, बाबा, भांडीवालीनं सांगितलेलं. बादलीनं आई अर्धी पलंगावरून लोंबकळत नाही." सुजातानं मान खाली घातली, हसू लपवायला. मी म्हटलं, सुनीताला काढू नका. एवढं बोलायला मला कपभर चहा संपवावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुशीवर वळून, हाताच्या जोरावर उठलो. कमल जागी होती. सुनीता यायला थोडा वेळ होता. खुर्ची पलंगाला लावली, चाकं अडवली, वॉकर पुढं ठेवला, तिचे पाय जमिनीला टेकलेत ना ते बघितलं. मग बाजूला उभा राहिलो आणि माझे हात पाठीमागं नेऊन एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलं. सोडले असते तर ते पुढं गेले असते.

"एक," मी म्हणालो. "दोन."

ती अर्धी उठली आणि खाली बसली. पुन्हा तसंच. माझं मनगट दुखायला लागलं. तिसऱ्यांदा मी गप्प राहिलो, आणि "तीन" ती स्वतः म्हणाली.

तेवढ्यात बेल वाजली. बाथरूममधून मिलिंद ओरडला, "बाबा, दार!"

"थांब म्हणावं तिला," मी म्हटलं. "तुझी आई उभी आहे."